गारठलेल्या कोंबड्या

त्या सकाळी सिंगापूरमधल्या तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये मी होते, सून मेघना होती, नात ईरा होती, आणि व्हिडिओ कॉलवर निफाडची माझी धाकटी जाऊ शेवंता. आज फ्रीजरमधला बर्फ खरवडताना बोटं बधिर झाली आणि ते सगळं आठवलं.

निफाडला दव गोठलं होतं. शेवंताच्या सात कोंबड्यांचे तुरे पांढरेफटक पडलेले, पाय लाकडासारखे कडक. अंड्यांवरच घर चालायचं तिचं. एकीला उचलून ती चुलीकडे वळली, आणि चित्र तिथंच अडकलं.

“शेवंते, विस्तवाजवळ नेऊ नको! बधिर पायाला चटका कळत नाही!” मी ओरडले.

“आजी, हँग झालंय. तिला ऐकू नाही येत लाह,” ईरा तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

मला राहवेना. “अगं, तेव्हा तू माहेराहून आणलेल्या कोंबड्या थंडीनं नाही मेल्या! मीच चुलीपाशी शेकल्या, पाय भाजले त्यांचे!”

वीस वर्षं मी थंडीचंच नाव सांगत आले होते. मेघना माझ्याकडे बघतच राहिली.

चित्र हललं. शेवंता चुलीपासून लांब, कोंबडी पदरात घेऊन बसलेली.

“आवाज येत होता, आक्का. आणि ते मला तेव्हाच कळलं होतं. भाजल्याचा वास लपतो होय?”

“मग बोलली का नाहीस?”

“भाऊजी नुकतेच गेले होते. तुम्हाला आणखी काय बोलायचं?”

तेव्हा माझी मान खाली गेली. आता वाटतं, ते ओझं दोघींनी वाहिलं.

एका कोंबडीची बोटं गळाली, पण सातही जगल्या. तुमच्याकडे कोंबड्या असतील तर एवढं ऐका. गारठलेलीला शेकू नका, चोळू नका. कोरड्या फडक्यात अंगाशी धरा.