तोफबाईंचा निसटलेला शब्द

फुलबाजारात लिलाव पुकारणाऱ्या बाईंना सगळे तोफबाई म्हणत. चौथऱ्यावर उभं राहून त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला, की मालाची तारीफ, भाव आणि गिऱ्हाइकाची फिरकी एका दमात बाहेर पडे. एका सकाळी गुलाबांची टोपली हातात धरून त्या मध्येच थांबल्या. फूल ओळखीचं, वास ओळखीचा, पण नाव काही केल्या जिभेवर येईना. व्यापारी आधी हसले, मग चपापले.

तपासणीत मेंदूत गाठ निघाली, तीही बोलण्याच्या जागेला खेटून.

"गाठ काढताना तुम्हाला जागं ठेवणार," सर्जनबाई म्हणाल्या. "दुखणार नाही. तुम्ही बोलत राहायचं, म्हणजे कुठं हात लावायचा नाही ते मला कळेल."

तोफबाईंचे दीर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. त्यांना तोफबाईंनी सरळच विचारलं, "भाऊजी, मी मेंदूत राहते, की मेंदू म्हणजेच मी? गाठीबरोबर मीही थोडी कापली जाणार का?"

भाऊजींनी चष्मा काढला. "यावर अजून एकमत नाही, वहिनी. काही म्हणतात, मेंदू नुसतं वाद्य, वाजवणारा वेगळा. मला ते पटत नाही. माझ्या मते मेंदूचं जे काम चालतं, त्यालाच आपण मन म्हणतो." चष्मा पुसत ते म्हणाले, "पण आज माझंच मत चुकीचं ठरावं असं वाटतंय."

ऑपरेशनच्या टेबलावर त्यांना एकेक चित्र दाखवत होते. घोडा, छत्री, खुर्ची, सगळं फटाफट आलं. मग सर्जनबाईंनी एका जागी विजेचा बारीकसा स्पर्श केला आणि पुढच्या चित्राशी गाडी अडली. ते कापतं, घरी शिलाई मशीनच्या खणात असतं, सगळं ठाऊक. तोंडात 'छत्री' आलं, तेही चूक आहे हे कळलं. भीती वाटायच्या ऐवजी त्यांना सणसणीत राग आला.

स्पर्श दूर झाला.

"कात्री!" त्या ओरडल्या. "कुठं उलथली होतीस गं?"

सगळे खळखळून हसले. "या जागेला हात लावायचा नाही," सर्जनबाई म्हणाल्या, आणि काम पुढं सुरू झालं. बोलत राहायचंच होतं, म्हणून तोफबाईंनी भूल देणाऱ्या डॉक्टरांचाच लिलाव मांडला. "माल ताजा, टवटवीत, जरा झोपाळू! बोला, कोण घेतंय?" गाठ निघाली, तेव्हा ते डॉक्टर दोनदा विकले गेले होते.

दुसऱ्या दिवशी भाऊजी भेटायला आले. तोफबाईंनी घाईघाईनं सांगितलं, "शब्द गेला, पण मी नव्हते गेले! तो गेलाय हे मला कळत होतं."

"ते कळणंही मेंदूच्याच दुसऱ्या कोपऱ्यात चालत असेल, वहिनी."

"असेना का! मग त्या कोपऱ्यात मी आहे. आहे ना पण?"

"आहात. चांगल्या ठणठणीत आहात," भाऊजी म्हणाले, आणि हसता हसता त्यांना डोळे टिपावे लागले.

जखम भरल्यावर, डोक्याला रुमाल गुंडाळून तोफबाई पुन्हा चौथऱ्यावर चढल्या. बाजार चिडीचूप झाला. त्यांनी शेवंतीची टोपली उचलली, छाती भरून श्वास घेतला आणि असा आवाज लावला, की पलीकडच्या रस्त्यावरचे हमालसुद्धा पाठीवरचं ओझं टेकवून बघायला लागले. पहिली बोली आली, दुसरी आली, आणि मग कोण कुणाच्या वर बोलतंय ते कळेनासं झालं.