मोहोरावरचं औषध आणि माझी बातमी

मालवणजवळच्या कट्टा गावातल्या शाळेत शिकवत असताना मी मालवणच्या एका साप्ताहिकाला बातम्या पाठवायची. जत्रा, दशावतार, चिखलात रुतलेली एसटी, असल्याच. छापून आलं की दिवसभर माझे पाय जमिनीला लागत नसत.

साठीचं दशक अर्धं सरलं होतं. देवगडच्या हापूसच्या बागांत मोहोरावरचे तुडतुडे मारणारं नवीन औषध आलं होतं. तिथे माझी थोरली बहीण राहायची. तिचे यजमान, माझे भावोजी, बागांत फवारणीला जात. थंडीत मी तिच्याकडे गेले असताना एका दुपारी दोन गड्यांनी भावोजींना उचलूनच घरी आणलं. अंग घामाने निथळत होतं, तोंडातून लाळ गळत होती, हातपाय थरथरत होते.

"बागेतला कायतरी लागला," शेजारीण म्हणाली. "घाड्याक बोलवा, तो भूत उतरवतलो."

"आधी डॉक्टर!" बहीण ओरडली. "धाव गो, गाडी बघ!"

मी धावले. बैलगाडी मिळाली. दवाखान्यात डॉक्टरांनी भावोजींच्या पापण्या वर करून पाहिल्या, सदऱ्याचा वास घेतला आणि म्हणाले, "कपडे काढा. अंग साबणाने धुवा, ताबडतोब. औषध कशाने ढवळलं होतं?"

"हातान," गडी म्हणाला.

मग एकामागून एक इंजेक्शनं. संध्याकाळी भावोजींनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलले, "चार कलमां फवारूची रवली मां?" बहीण रडता रडता हसायला लागली.

मी डॉक्टरांना विचारलं, "हे पेपरात लिहू?"

"लिहा. डब्यावरच्या सूचना इंग्रजीत आहेत. बागेत त्या वाचणार कोण?"

"आणि आंबा खाणाऱ्याला काही होईल?"

"ते मी तपासलेलं नाही. जे पाहिलं तेवढंच लिहा."

मी तेवढंच लिहिलं. पुढच्या आठवड्यात कट्ट्याच्या स्टँडवर अंकांचा गठ्ठा उतरला. मी घाईघाईने पान उघडलं. मथळा होता, "हापूसवर जालीम विष! आंबा खाणाऱ्यांनो, सावधान!" हाताने ढवळणं गायब, इंग्रजी सूचनांबद्दलचं डॉक्टरांचं वाक्य गायब. खाली त्याच औषधाची जाहिरात, हसऱ्या शेतकऱ्यासकट.

देवगडात व्यापारी खवळले. दुसऱ्याच दिवशी बहीण अंक घेऊन माझ्या दारात. "माझ्या घोवाक काय झाला, ता ह्येच्यात खंय आसा? सगळ्यांका आंब्यांचीच काळजी!"

शाळा सुटल्या सुटल्या आम्ही दोघी मालवणची गाडी पकडून थेट छापखान्यात गेलो. संपादकांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बाई, 'औषध काठीने ढवळा' असा मथळा दिला तर वाचणार कोण?"

मी तोंड उघडायच्या आत बहीण पुढे झाली. "मी वाचतलंय. माका वाचूक येता. आणि जिचो घोव बागेत जाता, ती प्रत्येक बाई वाचतली!"

छपाईचे खिळे जुळवणारे हात थांबले. संपादकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "जाहिरातवाला रागावणार," ते स्वतःशीच पुटपुटले. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा. आत्ताच लिहा. येत्या अंकाचं पहिलं पान अजून रिकामं आहे."

मी लिहीत होते आणि बहीण मागे उभी राहून सांगत होती. काठीने ढवळा. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका. तोंडाला फडकं बांधा. डबा विहिरीवर धुऊ नका. घरी आल्यावर पोराला उचलायच्या आधी आंघोळ करा. आंब्याबद्दल अजून कुणी काही तपासलेलं नाही, हेही मी स्पष्ट लिहिलं. एकेक कागद माझ्या हातातून ओढून जुळणीला जात होता. ओल्या शाईचा पहिला कागद यंत्रातून निघाला तेव्हा आम्ही दोघी छापखान्यातच टाळ्या पिटायला लागलो.

औषधाची ती जाहिरात त्यानंतरच्या अंकात आली नाही. संपादकांनी मला त्याबद्दल एक शब्दही ऐकवला नाही.

पुढच्या मोहोराला मी देवगडला गेले. बागेत जो तो तोंडाला फडकं बांधून होता. भावोजी नवीन गड्यांना गोळा करून बातमी खणखणीत आवाजात वाचून दाखवत होते, आणि मधेच थांबून छाती पुढे काढून सांगत होते, "ह्या माझ्याबद्दल लिवलेला आसा, समाजला?"