साकोलीतलं शेवटचं पान

पुण्याहून नागपूरला निघालेल्या गाडीत समोरच्या बाईंनी चिवड्याचा डबा उघडला आणि पहिल्या घासाबरोबरच विचारलं, मुलं किती? मी "नाहीत" म्हणाले. त्यांनी लगेच माझ्या हातावर मूठभर जास्तीचा चिवडा ठेवला. या एका उत्तरावर दोन वर्षांत मला लाडू, केळी आणि तीन ठिकाणचे अंगारे मिळालेत, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.

मी निघाले होते भंडारा जिल्ह्यात, साकोलीला, माझंच पुस्तक आणायला. दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. समुपदेशक बाई म्हणाल्या, लिहून काढा, मोकळं वाटेल. मी शहाण्णव पानं लिहिली. मोकळं काही वाटलं नाही, पुस्तक मात्र झालं. स्वतःच छापायचं ठरवल्यावर एका पुस्तकवाल्या कंपनीतल्या मुलीने मला फोनवर चांदी, सोनं आणि प्लॅटिनम अशी तीन पॅकेजं ऐकवली. प्लॅटिनममध्ये माझ्या दुःखाची दोन मिनिटांची फिल्म करून मिळणार होती. हसरी की रडकी, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, दोन्ही व्हर्जन्स देऊ ना मॅडम.

शेवटी नवऱ्याने नानाजींचं नाव काढलं. साकोलीत त्यांचा छापखाना आहे आणि माझ्या सासरच्या सगळ्या लग्नपत्रिका तिथेच छापल्या गेल्यात. मी मजकूर पाठवून दिला. धाकधूक एकाच गोष्टीची होती, पान एकेचाळीस. त्यावर माझ्या सासूबाई होत्या. "त्या दवाखान्यात आल्या, पोह्यांचा डबा ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेल्या. त्यांच्या डोळ्यांत टिपूसही नव्हतं." पुस्तक दुसऱ्या कुणाच्या हाती जाण्याआधी मी स्वतः त्यांना देणार, त्यांच्यासमोर बसणार आणि काय बोलतील ते ऐकून घेणार, असं ठरवलं होतं. म्हणून तर कुरिअर न मागवता निघाले.

नागपूरहून एसटी पकडली. भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडली, तिचं पात्र हिवाळ्यातही रुंद होतं. लाखनीत ट्रकांच्या रांगेमागे बस इतका वेळ अडकली की खाली उतरून मी दोन कप चहा प्यायले. पुढे जी डुलकी लागली ती थेट साकोली मागे पडल्यावरच मोडली. कंडक्टरने मला महामार्गावर उतरवलं आणि एवढ्या जोरात हाक मारली तरी झोपता कशा, म्हणून कौतुकही केलं. तिथून उलट चालत आले.

छापखान्यात हळदीच्या रंगाच्या पत्रिकांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. नानाजी साठीचे, कानावर पेन्सिल. त्यांनी चहा मागवला, घरातल्या एकेकाची खुशाली विचारली आणि मग पुस्तक माझ्या हातात दिलं. मुखपृष्ठ छान, शाई छान. माझं शेवटचं वाक्य होतं, "मी उठले आणि खिडकी उघडली." या वाक्यावर मी तीन महिने घालवले होते. मी सहज पान उलटलं.

पुढे आणखी एक पान होतं. वेलबुट्टीची चौकट, वर "आपले विनीत", त्याखाली सासूबाई, दीर, जाऊ, दोन मामा, झाडून सगळ्या आत्या. अगदी तळाशी चोचीत चोच घातलेले दोन पोपट आणि त्यांच्यामध्ये, पत्रिकेत घरच्या लहान मुलांची नावं असतात त्या "किलबिल"मध्ये, एकच नाव. सोनू.

माझं डोकंच फिरलं. हे काय आहे, म्हणून मी आवाज चढवला. नानाजी मात्र शांत. पत्रिकेचं प्रूफ आधी घरातल्या मोठ्या माणसाकडे जातं, त्यांनी समजावलं. एका फुफाजीचं (आत्याच्या नवऱ्याचं) नाव सुटलं तर तो लग्नात जेवत नाही. तसं माझं प्रूफही सासूबाईंकडे गेलं. त्यांनी ते आठ दिवस ठेवलं आणि शेवटचं पान स्वतःच्या हाताने लिहून परत पाठवलं.

"घरचं काम हाये, सूनबाई. मोठ्या माणसाले इचारल्याबिगर आपण मशीन चालू करत नाही. नसन पाह्यजे तं पान फाडून देतो."

म्हणजे त्यांनी सगळं वाचलं होतं. एकेचाळीसवर काही खोडलं होतं का, मी विचारलं. काही नाही, ते म्हणाले, फक्त पोहे नव्हते, खिचडी होती, एवढंच बदललं. मी पान काढलं. खिचडी छापली होती. टिपूस जिथल्या तिथे होतं.

ऑटोने सासरच्या गावाकडे निघाले. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या बांध्या (भाताची खाचरं), त्यांत लाखोरीला (ओलीवर पेरतात ती डाळ) निळी फुलं आलेली. सासूबाई सांदवाडीत (घरामागचं परसू) वांगी तोडत होत्या. त्यांनी मला आधी जेवायला बसवलं. भात, लाखोरीचं वरण, वांग्याची भाजी. मी खाली मान घालून जेवले आणि हात धुऊन आल्यावर विचारलं, "आई, सोनू कोण?"

त्यांनी माझं ताट उचलून बाजूला ठेवलं. मग सांगितलं. दिराचं लग्न त्या उन्हाळ्यात ठरलेलं. तोवर बाळ महिन्याचं झालं असतं. सासूबाई कुणाला न सांगता थंडीतच नानाजींकडे गेल्या आणि किलबिलमध्ये नाव टाकायला लावलं. "पोरगा का पोरगी, कोणाले माहीत. सोनू दोघाहीले चालते."

पुण्याच्या दवाखान्यातून परतल्यावर स्टेशनवरून घरी न येता त्या आधी छापखान्यात गेल्या होत्या. ते नाव काढायला.

"थ्या नानाजीसमोर रडली मी. तुह्यासमोर काहून रडू? मंग तुले कोणं सांभाळलं असतं?"

एकेचाळिसावं पान बदलून घेते, असं कसंबसं म्हणाले मी.

"कायले? खरंच तं लिवलं तू. खिचडी तेवढी चुकली होती."

मग मी रडले, आणि या वेळी त्याही रडल्या. शहाण्णव पानांत मी माझ्या मुलीला "ते", "बाळ", "जे झालं ते" असं सगळं म्हटलं होतं, नावाने एकदाही नाही. चौथी शिकलेल्या बाईने ते एका ओळीत केलं, तेही पोपटांसकट. माझ्या तीन महिन्यांच्या खिडकीकडे तर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गठ्ठे उचलताना नानाजींनी पान फाडायचं का, असं पुन्हा विचारलं. राहू द्या म्हटलं.

परतीच्या एसटीत शेजारच्या आजींनी पिशवीतून बोरं काढली. गठ्ठ्याकडे पाहून त्यांनी लगीन कोणाचं म्हणून विचारलं. लग्न नाही, पुस्तक आहे, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, एक बोर तोंडात टाकलं आणि नेहमीच्या प्रश्नावर आल्या.

"लेकरं किती?"

"एक," मी म्हणाले, आणि गठ्ठ्यातली एक प्रत काढून त्यांना शेवटचं पान दाखवलं.