कोणत्या संतोषचा फोन

आज लातूरच्या ऑफिसात जुना पीएचपी कोड नव्या व्हर्जनवर चालवला, तर इशारा आला: फाइल वाचणाऱ्या पार्सरला ऑब्जेक्ट जोडून देणारी ही ओळ आता बंद होणार, काढून टाका. ती ओळ मला कॉलेजात असताना संतोषनं शिकवली होती.

विष्णुपुरीच्या हॉस्टेलवरची दुपार. तापलेल्या कॉम्प्युटरचा वास, खिडकीतून धरणाकडचा दमट वारा. माझा पार्सर एक्सएमएल फाइल वाचायचा, पण टॅग आला की माझ्या कोडमधल्या मेथडला, म्हणजे पुढचं काम करणाऱ्या तुकड्याला, हाकच मारायचा नाही. संतोष हसला. "अरे, नुसतं नाव देऊन राहिलास. ती मेथड कोणाची हाय, ते सांग की त्याला."

तेवढ्यात खालून वॉचमन ओरडला, "संतोष, घरून फोन हाय!"

हॉस्टेलात संतोष दोन होते. हा उठायला लागला. माझं सबमिशन तासाभरावर आलेलं. मी त्याचा हात धरला, "तुझा नसंल रे, त्या उदगीरवाल्याचा असंल. बस."

तो बसला. त्यानं ती ओळ लिहिली आणि पडद्यावर टॅग भराभर उमटले. मी टाळी वाजवली.

फोन अहमदपूरहून, त्याच्याच घरून होता. वडिलांना त्याच्याशी बोलायचं होतं. संध्याकाळी पुन्हा फोन आला, तेव्हा ते राहिले नव्हते.

त्यानं मला कधी बोल लावला नाही. कोड घेऊन त्याच्याकडे जायची हिंमत मात्र मला पुन्हा झाली नाही.

नव्या पद्धतीत ऑब्जेक्ट, म्हणजे मेथड कोणाची ते, आणि मेथडचं नाव एकत्रच द्यावं लागतं, म्हणजे हाक चुकत नाही. मी जुनी ओळ खोडली. प्रोग्राम पहिल्यासारखाच चालला.