मागून घेतलेली चूक

"सर, काहीतरी गडबड आहे," मी म्हणाले.

गायधनी सर चहात पाव बुडवत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "काय नापास झालं?"

"काहीच नाही. सगळं पास झालंय."

"मग?"

"तेच सांगतेय. तीन आठवडे झाले, सगळं पासच होतंय."

सरांनी पाव तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाले, "वैशाली, लोक नापास झाल्यावर रडतात. तू पास झाल्यावर रडतेस. जा, काम कर."

मी जागेवर येऊन बसले, पण कामात लक्ष लागेना.

हे नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडचं. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत, मोटार रिवाइंडिंगच्या एका शेडच्या वरच्या मजल्यावर आमची सहा-सात जणांची कंपनी होती. खालून वॉर्निशचा वास, वरून पत्र्याची धग. आम्ही कंट्रोलर बनवायचो. कंट्रोलर म्हणजे मशीनला केव्हा थांबायचं, केव्हा खाली यायचं हे सांगणारी पेटी. तिच्यासाठी गायधनी सरांनी स्वतःची एक छोटी प्रोग्रॅमिंगची भाषा केली होती. आयटीआय झालेल्या माणसाला जमावी म्हणून आज्ञा मराठी ठेवल्या होत्या, फक्त टाइप इंग्रजी अक्षरांत करायच्या. थांब, पुढे, मोज, जोडी. मोठ्या कंपन्यांतले इंजिनिअर ऐकून हसायचे. पण अंबडपासून सिन्नरपर्यंत बऱ्याच कारखान्यांत ती भाषा चालायची.

त्या भाषेत लिहिलेलं मशीनला कळेल अशा आकड्यांत बदलतो, तो कंपायलर. तो मिलिंद लिहायचा. आणि मिलिंदने काहीतरी नवीन करताना काल चालणारं आज मोडून ठेवलं नाही ना, हे मी बघायचे. याला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम सासूचं आहे.

करायचं ते असं. आमच्या भाषेतला एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा. त्याचं बरोबर उत्तर काय यायला हवं ते एका फाइलमध्ये जपून ठेवायचं. मिलिंदने नवी प्रत, म्हणजे कंपायलरचा नवा बिल्ड दिला, की हे सगळे प्रोग्रॅम त्यातून काढायचे आणि आलेली उत्तरं जपलेल्या उत्तरांशी ताडून बघायची. फरक दिसला तर नापास. एखाद्या गिऱ्हाइकाकडे नवी तक्रार निघाली, की तिची एक टेस्ट लिहून ठेवायची, म्हणजे तेच दुखणं पुन्हा उलटलं तर कळतं. ही सगळी वरात एकदा सुरू करून दिली की कॉम्प्युटर आपला आपण चालवायचा आणि शेवटी किती पास, किती नापास ते सांगायचा.

त्यातल्या एका टेस्टबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तिचं नाव जोडी. पत्रा दाबणाऱ्या प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी. दोन्ही हात बटणांवर असले तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आत सापडत नाही. पण कामगाराला दिवसाचे ठरलेले जॉब, म्हणजे नग, पुरे करायचे असतात. मग तो एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवतो. एक हात मोकळा झाला की तो पत्रा सरकवायला कामी येतो, आणि एखाद्या दिवशी तिथेच राहतो. म्हणून आमच्या जोडी या आज्ञेत अट होती, की दर खेपेला दोन्ही बटणं सोडून पुन्हा जवळजवळ एकदमच दाबली पाहिजेत. पाचर मारली की प्रेस हलणारच नाही. आज अशा गोष्टींना वेगळे सेफ्टी रिले लावतात. तेव्हा छोट्या कारखान्यांत ती राखण आमच्या भाषेतल्या त्या एका शब्दावर होती.

आता मिलिंद. हुशार, पण घिसाडघाईचा. त्याच्या प्रत्येक नव्या बिल्डला दोन-तीन टेस्ट नापास व्हायच्याच. मग मी त्याच्या टेबलावर जायचे, तो "तुझी टेस्टच चुकलीये" म्हणायचा, आम्ही भांडायचो आणि शेवटी तो दुरुस्त करायचा. असं नीट चाललं होतं. आणि अचानक तीन आठवडे एकही नापास नाही. तेही अशा वेळी, की तो कंपायलरची आतडी बाहेर काढून पुन्हा भरत होता. तयार होणारा कोड छोटा आणि वेगवान व्हावा म्हणून. गायधनी सर सगळ्यांना सांगायला लागले, "आपला मिलिंद सुधारला." मिलिंद शीळ घालत फिरायला लागला.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली ती थांबेना. मिलिंद मला चांगला माहीत होता. तो इतका चांगला नव्हता.

घरीही तेच. गॅस बंद केला का, कडी लावली का, हे मी तीनतीनदा बघायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "ऑफिसात सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "ठीक आहे, म्हणूनच."

सरांनी हाकलल्यावर मी तासभर कशीबशी बसले आणि मग उठून मिलिंदकडे गेले.

"मला एक चूक करून दे."

"काय?"

"कंपायलरमध्ये. मुद्दाम. ढळढळीत चूक पाहिजे, लपलेली नको."

त्याने शीळ थांबवली. "तुझा माझ्यावर विश्वास नाही."

"तुझ्यावर कधीच नव्हता. आता माझ्या टेस्टवर राहिलेला नाही."

तो रुसला. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत त्याने एक ओळ बदलली. आमच्या भाषेत बेरीज करायला सांगितली, की कंपायलर वजाबाकी करेल असं केलं, नवा बिल्ड बनवला आणि फ्लॉपी माझ्यासमोर आपटली. "घे. आता निम्म्या टेस्ट बोंबलतील."

मी बिल्ड नेहमीच्या जागी टाकला आणि वरात सुरू केली. आम्ही दोघं पडद्यासमोर उभे राहिलो. ओळी सरकत गेल्या. पास, पास, पास. बेरजेची टेस्ट आली. पास. शेवटी पाटी आली, सगळं पास, नापास शून्य.

मिलिंद खुर्चीत बसला. "असं कसं होईल?" तो म्हणाला.

कारण सापडायला फार वेळ लागला नाही. कॉम्प्युटरला एखाद्या प्रोग्रॅमचं नाव सांगितलं, की तो ठरलेल्या यादीतली फोल्डरं एकामागून एक बघतो. पहिल्यांदा जिथे तो सापडेल तिथला चालवतो, पुढे बघत नाही. आमच्या यादीत सगळ्यात वर "डेमो" नावाचं एक फोल्डर येऊन बसलं होतं आणि त्यात कंपायलरची जुनी, चांगली चालणारी प्रत होती. म्हणजे तीन आठवडे मी त्या जुन्याचीच परीक्षा घेत होते. परीक्षेला डमी बसत होता आणि मार्क मिलिंदला मिळत होते.

"हे डेमो फोल्डर कोणी टाकलं?" मी मोठ्याने विचारलं.

गायधनी सर दारात येऊन उभे होते. ते चष्मा काढून पुसत म्हणाले, "पुण्याची पार्टी आली होती तेव्हा तुझ्या मशीनवर डेमो दिला होता. तू सुट्टीवर होतीस. ते काढायचं राहिलं वाटतं."

मी डेमो फोल्डर उडवलं. मिलिंदने बेरीज सरळ करून दिली आणि आम्ही वरात पुन्हा लावली, या वेळी खऱ्या, नव्या कंपायलरवर. नापासांची रांग लागली. मी एकेक नाव वाचत होते आणि ज्याची भीती होती तेही आलं. जोडी, नापास.

मिलिंदने कोड उघडून पाहिला. वेगाच्या नादात त्याने एक नियम घातला होता, की एकच गोष्ट दोनदा तपासली जात असेल तर दुसरी तपासणी गाळायची. कंपायलरला जोडीतली दोन बटणांची वेळ ताडणारी तपासणी फालतू वाटली आणि त्याने ती गाळली. आता नुसती दोन्ही बटणं दाबलेली असणं पुरेसं होतं. पाचर चालणार होती.

"मिलिंद," मी विचारलं, "हा बिल्ड बाहेर गेलाय का?"

त्याचा चेहरा उतरला. "परवा. अंबडला. त्यांना जॉब मोजायचा काउंटर हवा होता. मी प्रोग्रॅम बदलून, या बिल्डमधून काढून प्रेसवर टाकून आलो."

सर चटकन म्हणाले, "हे बघा, घाबरायचं नाही. आधी दुरुस्त करू, टेस्ट करू, मग उद्या जाऊन टाकू. त्यांना म्हणू अपग्रेड आहे."

"आणि उद्यापर्यंत?"

"वैशाली, ते गिऱ्हाईक मला वर्षभर खेपा घालून मिळालंय. फोन करून सांगू का, की तुमची प्रेस हात तोडणार आहे म्हणून?"

"हो," मी म्हणाले. "असंच सांगा."

मला त्यांचा राग आला होता आणि तो मी लपवला नाही. सरांनी फोन फिरवला. सुपरवायझरने उचलला. सर बोलत राहिले, जरा बघायचंय, थोडं सेटिंग करायचंय, तोवर मशीन थांबवता आलं तर. पलीकडचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. "साहेब, थांबवायचं कशाला? परवापासून मशीन लय भारी चाललंय. आज गाडी भरायचीय, आज नाय जमायचं." फोन ठेवला गेला.

भारी का चाललंय, ते आम्हा तिघांनाही कळलं. सरांनी स्कूटरची किल्ली उचलली.

मिलिंद जुन्या कंपायलरची फ्लॉपी घेऊन त्याच्या मोपेडवर पुढे निघाला, मी सरांच्या मागे बसले. अंबड लिंक रोडला दोन्ही बाजूंनी भंगाराची दुकानं, मध्येच उभे ट्रक, आणि सर प्रत्येक खड्ड्याला मान देत चालवत होते. मी दोनदा म्हटलं, "सर, जरा लवकर." तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी खरंच वेग वाढवला. ते घाबरलेत हे मला तेव्हा कळलं.

शेडमध्ये शिरलो. प्रेसवर रामदास नावाचा ऑपरेटर होता, तिशीतला, पेठ तालुक्याकडचा. डाव्या बटणात लाकडाची पाचर पक्की बसलेली. उजव्या हाताने तो बटण दाबत होता आणि डाव्या हाताने पत्रा आत सरकवत होता. प्रेस खाली आली की हात बाहेर, वर गेली की आत. एका लयीत चाललं होतं. सुपरवायझर आमच्याकडे येत काहीतरी म्हणत होता. मी त्याच्या बाजूने पुढे गेले आणि प्रेसचं लाल बटण, सगळं जागच्या जागी थांबवणारं, तळहाताने दाबलं. प्रेस अर्ध्यात अडकली. खाली रामदासचा हात अजून पत्र्यावर होता.

"काय झालं म्याडम?" तो म्हणाला. हात बाहेर काढायची त्याला घाई नव्हती.

"आधी हात बाहेर घे," मी म्हणाले.

आवाज थांबला म्हणून मालक केबिनमधून बाहेर आले. "गायधनी, हे काय?"

सरांनी तोंड उघडलं. अपग्रेडचा अ त्यांच्या ओठांवर होता हे मी पैजेवर सांगते. त्यांनी प्रेसकडे पाहिलं, रामदासच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "आमची चूक झाली. परवा टाकलेला प्रोग्रॅम सदोष आहे. या प्रेसला आता दुसऱ्या हाताची गरज राहिलेली नाही. दुसरा टाकेपर्यंत चालवू नका."

मालकांनी सुपरवायझरला सांगितलं, "गाडी उद्या भरू."

मिलिंदने जुन्या कंपायलरमधून प्रोग्रॅम काढून प्रेसवर टाकला. मी रामदासला पाचर तशीच ठेवून उजवं बटण दाबायला सांगितलं. प्रेस हलली नाही. पुन्हा दाबलं, हलली नाही. मग पाचर काढून दोन्ही हातांनी दाबलं, तेव्हा खाली आली.

रामदास नाराज झाला. "म्याडम, दोन दिवस जरा सुखाचे गेले होते. तुमीच दिलं आन तुमीच काढून घेतलं."

ते गिऱ्हाईक पुढे टिकलं. मालक येईल त्याला सांगायचे, की हे लोक चूक झाली तर स्वतः येऊन मशीन बंद करतात. ती जाहिरात आहे की बदनामी, हे सरांना कधी ठरवता आलं नाही.

आमच्याकडे मात्र एक पद्धत पडली. त्या दिवसापासून मिलिंदने मला प्रत्येक वेळी दोन फ्लॉप्या द्यायच्या, एक चांगल्या बिल्डची आणि एक मुद्दाम बिघडवलेली. बिघडवलेली माझ्या टेस्टनी पकडली, तरच चांगलीचा पास धरायचा. मिलिंदला हा खेळ फार आवडला. चांगला कंपायलर लिहिण्यापेक्षा नवनवीन चुका शोधण्यात त्याचं डोकं जास्त चालायला लागलं. त्याची एखादी चूक टेस्टच्या हातून निसटली की तो आठवडाभर मिरवायचा, आणि मी चरफडत नवी टेस्ट लिहायचे. आमच्या निम्म्या चांगल्या टेस्ट अशा चरफडीतून आल्या आहेत. पुढे मी मोठ्या कंपनीत गेले तेव्हाही हाच आग्रह धरला. तिथली मुलं म्हणायची, मॅडमना पास झालेलं बघवत नाही. खरं आहे. जी टेस्ट कधी नापासच होत नाही, तिच्याइतकी काळजी मला दुसऱ्या कशाची वाटत नाही.

काही वर्षांनी सातपूरच्या भाजी बाजारात एकाने हाक मारली. "म्याडम, वळखलं का?" रामदास होता. त्याने पिशवी खाली ठेवून हात जोडले. मी आधी हात पाहिले, दोन्ही, सगळ्या बोटांनिशी, आणि मग चेहऱ्याकडे पाहिलं.

"त्याच प्रेसवर हाय अजून," तो म्हणाला. "पण तुमच्या त्या प्रोग्रामनी आमचं काम लय स्लो करून ठेवलंय बघा. किती पाचरी मारून पाहिल्या, ऐकतच नाय."

"बरं झालं," मी म्हणाले आणि त्याच्याच पिशवीतली एक काकडी उचलून खाल्ली.