अण्णांचं खुरपं आणि माझ्या मुंग्या

परवा फर्स्ट शिफ्ट संपवून सुप्यातल्या घरी आले, तर दारात पेव्हिंग ब्लॉकनं भरलेला टेम्पो उभा... आणि टेम्पोच्या पुढ्यात आमचे सासरे, अण्णा, कमरेवर हात ठेवून.

नवऱ्यानं गाडी घेतली आणि तिच्यासाठी घराशेजारच्या अर्ध्या गुंठ्यात ब्लॉक बसवायचं ठरवलं. मी आठ दिवस भांडले, रुसले, एकदा मुद्दाम अळणी भाजीसुद्धा केली... गडी बधला नाही. त्या अर्ध्या गुंठ्यात माझा जीव का अडकलाय, ते कळायला लॉकडाऊनपर्यंत मागे जावं लागेल.

तेव्हा एमआयडीसी बंद, आमची कंपनी बंद, मी घरात. एक दिवस अंगणात पंख गळालेली राणी मुंगी फिरताना दिसली आणि लॅबमध्ये काम करणारे माझे हात शिवशिवले. लेकीच्या विज्ञानाच्या किटमधली टेस्ट ट्यूब घेतली, ओला कापूस कोंबला आणि राणीसाहेब आत!

महिनाभरात राणीला इवल्या इवल्या सात लेकी झाल्या. साखर ठेवली, रवा ठेवला... ढुंकून बघेनात. सासूबाईंना भलतीच काळजी. "मुंगी अन् साखर खाईना? आजारी हाय का काय ती!"

मग बाहेरच्या तसल्याच मुंग्यांवर पाळत ठेवली. त्या गवताचं बी ओढून नेत होत्या! माळावरून पवन्या गवताचं चिमूटभर बी आणून ट्यूबमध्ये टाकलं. बघता बघता सोललेले दाणे राणीजवळ आणि टरफलं दुसऱ्या टोकाला. मी घरभर ओरडत फिरले.

पण मग वाटलं, ह्यांच्या पोटाला लागणारं गवत आपल्या आवारात आहेच कुठे? होतं ते सगळं गाजरगवत. ते उपटलं, माळावरून मारवेल आणि पवन्या आणून लावलं, कडेला तरवडाची झुडपं. दिवाळीच्या सुमारास मुंग्यांना ट्यूब पुरेना, तेव्हा त्यांना तरवडाच्या बुडाशी सोडलं. त्यांनी बीळ केलं आणि तोंडाशी टरफलांचं बशीएवढं गोल कडं घातलं.

गल्लीत माझं नाव पडलं मुंगळेबाई. मला काही वाटलं नाही, पण अण्णांना फार लागायचं. ज्यांच्या रानात उभ्या जन्मात तण दिसलं नाही, त्यांच्या दारात सुनेनं गवत लावलेलं! कुणी विचारलं तर तोंड फिरवून सांगायचे, "औषधी हाय ते."

दुसऱ्या लाटेत अण्णांना कोरोनानं गाठलं. औषधं, पेज, बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा बघत बसणं... सगळं मीच केलं. अण्णा त्यातून उठले.

जूनमध्ये एक दिवस कामावरून आले, तर तो तुकडा लख्ख! मारवेल नाही, पवन्या नाही, काही नाही... सगळं मुळासकट काढून शेजारच्या शेळ्यांना घातलेलं. पायरीवर अण्णा धापा टाकत बसलेले, हातात खुरपं आणि तोंडभर हसू. "तू माजं लई केलं पोरी. म्हनलं, आपुन बी तुजं रान खुरपून द्यावं."

बाथरूमचा नळ सोडून रडून घेतलं. माझे डोळे बघून सासूबाईंनी अण्णांना सगळं सांगितलं, तर ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग मलाच त्यांची समजूत काढावी लागली.

एकच गोष्ट राहिली होती. बिळाभोवती वीतभर जागेला अण्णांनी खुरपं लावलं नव्हतं. मुंगीचं घर मोडायचं नाही, हा त्यांचा जन्मभराचा नेम.

पुढे पाऊस झाला आणि पंधरा-वीस दिवसांनी अण्णांनी हाक मारली. "पोरी, हिकडं ये!" जाऊन बघते तर त्या टरफलांच्या कड्यावर दाट, हिरवेगार कोंब... टरफलांबरोबर मुंग्यांनी बाहेर टाकलेलं धड बी सगळं रुजून आलं होतं.

अण्णा उकिडवे बसले, बोटानं कोंब चाचपले. मग म्हणाले, "हे म्या न्हाई पेरलं, तू न्हाई पेरलं. ह्यांनी पेरलंय."

त्यातली रोपं थोडी मोठी झाल्यावर अण्णांनीच ती मिरचीच्या रोपांसारखी एकेक करून तुकडाभर लावली. आज तिथं कमरेएवढं गवत आहे, मुनियांचा थवा येतो, आणि टरफलांचं कडं परातीएवढं झालंय.

...आणि परवा त्याच्यासमोर तो टेम्पो. मी काही बोलायच्या आत अण्णा ड्रायव्हरला म्हणाले, "ब्लॉक माघारी ने बाबा. ह्या तुकड्याचा सातबारा मुंग्यांच्या नावावर हाय." ड्रायव्हर बिचारा माझ्याकडे बघायला लागला.

त्यानं नवऱ्याला फोन लावला. अण्णांनी तो मागून घेतला. "गाडी भाईर ऱ्हाईल. तिला काय थंडी वाजती का?" विषय संपला! टेम्पो मागे वळला आणि मी भर गल्लीत नाचायचीच काय ती बाकी होते.

आज सकाळी अण्णा खुरपं घेऊन तिकडे निघाले, तेव्हा मात्र मी चहा तसाच टाकून मागे धावले. पण त्यांनी गवतात लपलेलं एक गाजरगवत अलगद काढलं, खुरपं खाली ठेवलं आणि माझ्यापुढे हात पसरला. "मूठभर बी दे ह्यातलं. आपल्या बांधावर टाकतो."

जन्मभर बांध तासून चकाचक ठेवणारा माणूस तो... मी मूठ नाही, ओंजळ भरून दिली. घरात परतताना त्या बिळापाशी वाकून मनापासून नमस्कार केला. गल्ली बघत होती, बघू दे. मुंगळेबाईच मी!