पंख्याची बोट

सुनेच्या स्कूटीतून पेट्रोल गळलं की मला बोट आठवते. मुलानं पैठणच्या धरणात घरच्यांना फिरवायला छोटी बोट घ्यायचं काढलं होतं. तो वाळूजला कंपनीत, त्याला पाण्यात फिरणाऱ्या पंख्याचं इंजिन हवं होतं. आमचे मालक, त्याचे अण्णा, पाण्याचा झोत मागं फेकणाऱ्या जेट इंजिनावर अडून बसले. "जेटला खाली पंखा नसतो, हातभर पाण्यातबी बोट जाते. मला धरणात बुडालेल्या आपल्या जुन्या घरावर जायचंय," ते म्हणाले. मुलगा हसला. "अण्णा, जेट गाळ ओढून बंद पडंल. पंखा कुणीबी दुरुस्त करतं." दोघं माझ्याकडं बघायला लागले. मी चौथी शिकलेली. पंखा मला माहीत होता, जेट नव्हतं. "पंखा घ्या अन् माझं डोकं खाऊ नका," मी म्हणाले. मे महिन्यात गेलो. पाणी उतरलं होतं. मी लग्न होऊन ज्या घरात आले, त्याचं दगडी जोतं वीस हात पुढं, हातभर पाण्याखाली पिवळं दिसत होतं. मालकांनी बोटीतच चपला काढल्या. तेवढ्यात मुलानं इंजिन बंद केलं. "अण्णा, पुढं पंखा दगडाला लागंल." वल्हं मारून पाहिलं, पण वारा समोरून होता, बोट सरकेना. खाली गाळ, उतरून चालताही येईना. "पुढच्या उन्हाळ्यात पाणी आणखी उतरंल, तवा चालत जाऊ," मुलगा म्हणाला. मालकांनी चपला परत घातल्या. दिवाळीनंतर ते गेले. बोट गारखेड्याच्या घरापुढं ताडपत्रीखाली पडून आहे. मुलगा अजून म्हणतो, "माझंच चुकलं." पंखा घ्या कोण म्हणालं, ते तो विसरला. मी त्याला आठवण करून देत नाही.